वाटणीतली हत्यारं

मैत्रिणींनो, सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत आपल्या हाताखालून लाकडाच्या किती वस्तू जातात, कधी मोजल्या आहेत का? पोळपाट, लाटणं, ताकाची रवी, विळीचा पाट, देवाचा चौरंग, मिसळणाच्या डब्यातला चिमुकला चमचा... मी परवा सहज मोजायला बसले, तर आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात प्लायवूडचं कपाट सोडूनही सोळा वस्तू निघाल्या. स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, काय काय नवीन आलं. पण पोळी लाटायला आपल्याला अजून लाकूडच बरं वाटतं. आणि तरीही, हे लाटणं इतकं गोल कशानं झालं, असं कुणी विचारलं तर आपल्यातल्या बहुतेकजणी गप्प बसतील. करवत, हातोडी, आणि फार तर रंधा! यापुढे आपली गाडी जात नाही.

मला ती नावं पाठ आहेत, कारण मी सुताराची मुलगी. शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, बी.ए. झाले आहे, पण अ-आ-ई शिकण्याआधी वाकस, पटाशी, गुण्या हे शब्द शिकले. आबा कामाला बसले की न बघता हात मागे करायचे आणि नुसतं नाव घ्यायचे. मी ते हत्यार त्यांच्या हातात ठेवायची. मूठ त्यांच्याकडे, धार माझ्याकडे. तीही बोटं सांभाळून. एवढंच माझं काम.

आज हे सगळं लिहायला बसले आहे त्याला कारण आहे. गेल्या वर्षी आबा गेले. पुढे वाटण्यांची बोलणी निघाली आणि मी आबांची हत्यारांची पेटी मागितली. त्यावरून घरात जे बोलणं झालं, ते तुम्हाला सांगायचंच आहे. पण आधी हत्यारांची ओळख करून देते. नाहीतर तुम्हीही माझ्या वहिनींसारखं विचाराल, की बाईला हे लोखंड कशाला हवं!

सुतार हा शब्दच मुळी सुतावरून आला आहे. सूत्रधार, त्याचा झाला सुतार. आबांच्या पेटीत सर्वांत वर एक सुताचं रीळ असे. सूत काव कालवलेल्या पाण्यात भिजवायचं, ओंडक्याच्या दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचं. टण्ण! लाकडावर लालभडक सरळ रेघ उमटे. 'सुतासारखा सरळ करीन' असं आपण मुलांना दटावतो ना, ते सूत हे बरं का!

मग करवत. करवतीचे दात नीट पाहिलेत तर दिसेल, की एक दात किंचित डावीकडे वळलेला असतो, दुसरा उजवीकडे. त्यामुळे चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत अडकत नाही. लाकूड लांबीत चिरायच्या करवतीचे दात बारीक पटाश्यांसारखे असतात, ते खरवडत जातात. आडवं कापायच्या करवतीचे दात सुरीच्या टोकासारखे, ते तंतू तोडत जातात. एकाच करवतीनं दोन्ही कामं करणारा माणूस आबांना आवडत नसे. 'पुरणपोळी आणि भाकरी एकाच तव्यावर कराल का?' असं विचारायचे.

मोठा ओंडका चिरताना चिरेत लाकडाची पाचर ठोकतात, म्हणजे फाक मिटत नाही. पंचतंत्रातली पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मी ती वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात, पण पाचर काढल्यावर माकडाची शेपटी का सापडली, हे एकालाही सांगता येत नाही. मी फळ्यावर ओंडका काढून दाखवते, तेव्हा कुठे गोष्ट पटते. 'एखाद्याच्या कामात पाचर मारणे' हा वाक्प्रचार तर आपण उठताबसता वापरतो. मात्र खरी पाचर काम अडवत नाही, चालू ठेवते.

वाकस हे आमच्या घरचं लाडकं हत्यार. कुऱ्हाडीची धार दांड्याच्या रेषेत असते, वाकसाची आडवी असते, म्हणजे कुदळीसारखी. पाठीकडचा भाग बोथट असतो, तो हातोडीचं काम करतो. आबा उकिडवे बसत, लाकूड पायानं दाबून धरत आणि वाकसानं तासत. पायाच्या अंगठ्यापासून बोटभर अंतरावर धार पडायची! पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होई. परदेशी सुतार उभं राहून, मेजाला लाकूड अडकवून काम करतो. आपला सुतार जमिनीवर बसतो आणि त्याचे पायच त्याचा शिकंजा असतात. हत्यार जुनं किती म्हणाल, तर प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांत वाकसासारख्या हत्यारानं लाकूड तासणारे सुतार दिसतात. त्या लोकांना रंधा मात्र ठाऊक नव्हता. रंधा रोमन लोकांजवळ होता. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई शहर उकरलं, तेव्हा त्यात रंधे सापडले आहेत.

रंधा समजायला तुम्हाला अवघड नाही. तो एक मोठी खिसणीच आहे असं समजा. लाकडी ठोकळ्यात तिरपं पातं बसवलेलं, ते पाचरीनं घट्ट केलेलं, आणि खाली केसभर धार बाहेर. धार जास्त बाहेर आली तर लाकूड ओरबाडतं, कमी आली तर रंधा नुसताच घसरतो. आबांकडे तीन रंधे होते. सर्वांत लांब जवळजवळ हातभर. मी एकदा विचारलं होतं, 'इतका लांब कशाला?' तर म्हणाले, 'लहान रंधा खड्ड्यात उतरतो आणि खड्डाच गुळगुळीत करून येतो. लांब रंधा खड्ड्यावरून जातो आणि उंचवटा तेवढा कापतो. म्हणून फळी आधी लांब रंध्यानं सरळ करायची, मग लहान रंध्यानं गुळगुळीत.' मला वाटतं, माणसांनाही लांब रंधा हवा!

लाकडाला एक दिशा असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा रंधा त्या दिशेनं फिरवायचा. उलटा फिरवला की मांजर फिसकारतं, लाकूड उसवतं. आणि हो, जपानमध्ये सुतार रंधा आणि करवत दोन्ही स्वतःकडे ओढून चालवतात, ढकलून नव्हे. हे मी पुढे वाचलं आणि आबांना सांगितलं. त्यांनी लगेच हाताला येईल ती करवत घेऊन उलटी ओढून पाहिली. सत्तरीतला माणूस, पण कुतूहल सात वर्षांच्या मुलाचं!

पटाश्या सात-आठ होत्या, बोटभर रुंद ते काडीएवढी अरुंद. एका लाकडात चौकोनी भोक पाडायचं, दुसऱ्याच्या टोकाला त्याच मापाची जीभ काढायची आणि दोन्ही एकमेकांत ठोकून बसवायची. जुन्या पलंगात, दारांच्या चौकटींत खिळे का नसतात, ते यावरून कळेल. भोक पाडायला गिरमीट होतं, आणि त्याहून जुना सामता, धनुष्याच्या दोरीनं गरगरा फिरणारा. काटकोन पाहायला गुण्या, करवतीला धार लावायला तिकोनी कानस, पटाशीवर मारायला लाकडी मोगरी, आणि पटाशीला धार लावायला कुरुंदाचा दगड. पटाशीच्या धारेचा उतार २५ ते ३० अंशांचा हवा, हे आबांना अंशात सांगता आलं नसतं. पण त्यांचा हात दगडावर बरोबर त्याच कोनात टेकायचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा हत्यारांनी मोठं असं काय होणार? मैत्रिणींनो, पुण्याला गेलात तर विश्रामबाग वाडा पाहून या. दुसऱ्या बाजीरावानं बांधलेल्या या वाड्याचं काम १८०७ च्या सुमारास पुरं झालं. त्याचं सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांचं दर्शनी काम हे सगळं पटाशी आणि मोगरीचं आहे. राजा केळकर संग्रहालयात जुन्या वाड्यांची कोरीव दारं आहेत, तीही पाहा. आणि आपल्या मुंबईची गोष्ट तर याहून मोठी. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. नेपोलियनच्या लढायांच्या काळात इंग्लंडला ओक लाकूड कमी पडू लागलं, तेव्हा इंग्रज आरमारानं युद्धनौका इथे बांधून घेतल्या. १८१३ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली चीन आणि इंग्लंड यांच्यात नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये बांधलेली 'ट्रिंकोमली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षं! विजेची एकही करवत त्या काळी नव्हती. आपल्या माणसांच्या हातांनी तासलेला साग होता तो.

आबांनी जहाजं बांधली नाहीत. त्यांनी बैलगाड्या बांधल्या. त्यांचे आजोबा गावच्या बारा बलुतेदारांपैकी. नांगर, जू, पाभर, मोट यांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. आबा तालुक्याच्या गावी आले आणि त्यांनी पत्र्याची शेड घातली. गाडीच्या चाकाचा मधला तुंबा आणि त्यातले आरे बसवताना त्यांचा चेहरा पूजेला बसल्यासारखा असे. पुढे रबरी चाकांच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले आणि लाकडी चाकं मागणारं कुणी उरलं नाही. आबा दारं-खिडक्या करू लागले. त्यानंतर तयार दारं आली, प्लायवूड आलं, विजेचे रंधे आले. आबांनी विजेचा रंधाही घेतला होता. हाताचीच हत्यारं चांगली आणि मशीन वाईट, असं ते कधी म्हणाले नाहीत. 'मशीननं पाठ वाचते,' म्हणायचे. पण शेवटचा हात फिरवायचा तो लाकडी रंध्याचाच.

आणि आता मुख्य गोष्ट. सुतारकाम हे पुरुषांचं काम, असं सगळे म्हणतात. आमच्या घरीही म्हणत. पोरीनं हत्यार ओलांडायचं नाही, रंध्याला हात लावायचा नाही. खंडेनवमीला तेवढी आई हत्यारांपुढे रांगोळी काढायची आणि हळदकुंकू वाहायची. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस हत्यारं आबांची.

खरंच का?

आबा बाजारासाठी लाटणी, पाळण्याचे खांब, खुळखुळे, भोवरे करायचे. गोल वस्तू कातायला त्यांच्याजवळ दोरीचा चरक होता. दोन लोखंडी टोकांच्या मध्ये लाकूड पकडायचं, त्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे आणि दोरीची दोन्ही टोकं धरून आळीपाळीनं ओढायची. लाकूड एकदा इकडे फिरतं, एकदा तिकडे. ते कातणाऱ्याच्या अंगावर फिरत येतं तेवढ्या वेळातच पटाशी टेकवायची, उलटं फिरताना उचलायची. आता विचार करा. आबांचे दोन्ही हात पटाशीवर. मग दोरी कोण ओढत होतं?

आई.

दुपारी जेवणं-भांडी आटोपली की आई चरकाजवळ बसायची आणि चार-साडेचारपर्यंत दोरी ओढायची. पटाशीचा आवाज जरा बदलला की तिचा हात आपोआप हलका व्हायचा. आबांना सांगावंही लागत नसे. जत्रेच्या आधीच्या आठवड्यात शंभर-शंभर लाटणी निघायची आणि गिऱ्हाईक म्हणायचं, 'आबा, काय गोल कातलंय हो!' आबा हसायचे. आई आत चहा टाकायला गेलेली असायची.

एवढ्यावरच संपत नव्हतं. सरस शिजवायचा तो आईनंच. सरसाचं भांडं थेट विस्तवावर ठेवलं की तो करपतो, म्हणून पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून तो हळू पाघळवायचा. त्या वासानं आम्ही मुलं नाक धरून पळत असू. वाकसाच्या ढलप्या निघत त्या बंबाला. रंध्याच्या सालपटांच्या गुंडाळ्या चूल पेटवायला. करवतीचा भुसा शेगडीत दाबून भरायचा, मधे बाटली उभी ठेवून भोक राखायचं, मग बाटली अलगद काढून पेटवायचं. अशा शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक होई. घरात रॉकेल किती वाचलं, हा हिशेब वहीत नसे, आईच्या डोक्यात असे. सुताराचं घर चालायला जितके आबांचे हात लागले, तितकेच आईचे लागले. पण 'सुतार' मात्र आबा एकटेच!

तर वाटणीची बोलणी. दोन भाऊ, दोन वहिनी, आई आणि मी. माझे भाऊ वाईट नाहीत हो. थोरला दादा सरकारी नोकरीत, धाकट्याचं दुकान. दोघांनीही आबांचं शेवटचं आजारपण मनापासून केलं. दादा म्हणाला, ''ताई, घराचं आपण रीतसर करू. पण आबांची आठवण म्हणून तुला काय हवं ते आत्ताच सांग. घड्याळ घे, नाहीतर त्यांचा चौरंग घे.''

मी म्हटलं, ''मला पेटी हवी.''

''कुठली पेटी?''

''हत्यारांची.''

क्षणभर कुणी बोललंच नाही. मग थोरल्या वहिनी हसल्या. ''अहो वन्सं, हत्यारं घेऊन काय शाळेत जाणार तुम्ही?''

धाकटा म्हणाला, ''ताई, भंगारवाल्याला मी विचारून ठेवलंय. किलोवर घेतो म्हणाला. जे येतील ते तू घे हवं तर. पण एवढं ओझं दोन खोल्यांत कुठे ठेवणार?''

''आणि मुलीला कुणी हत्यारं देतं का?'' दादा म्हणाला. तो रागानं म्हणाला नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं. ''हत्यारं मुलाकडे जातात. आजोबांची आबांकडे आली.''

''मग तू घेतोस?'' मी विचारलं. ''वापरशील?''

दादा गप्प झाला. त्याच्या घरी खिळा ठोकायलाही माणूस बोलवावा लागतो, हे त्यालाही माहीत आहे आणि वहिनींनाही.

इतका वेळ आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, माजघरात गेली आणि खुंटीवरून काहीतरी घेऊन आली. चरकाची दोरी होती ती. हातांच्या घामानं काळी पडलेली, दोन्ही टोकांना कापड गुंडाळलेली. ती तिनं पेटीवर ठेवली आणि मला म्हणाली, ''ही पण ने. ही माझी आहे.''

पुढे कुणी काही बोललं नाही. संध्याकाळच्या एस.टी.त धाकट्यानंच पेटी चढवून दिली.

वाटणीचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. पेटी घेतली म्हणजे घरावरचा हक्क सोडला, असं नाही. बहिणींना साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, ही आपल्याकडची रीतच होऊन बसली आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं, मृत्युपत्र नसेल तर, वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं अजून ठरलेलं नाही. पण सही करायची तर कागद वाचून, वकिलाला विचारून आणि स्वतःच्या मनानं. कुणाला वाईट वाटेल म्हणून नव्हे. भावांशी प्रेम राहतं का, असं विचाराल तर माझं राहिलं आहे. परवाच दादानं आंब्याची पेटी पाठवली.

आता आमच्या घरची कथा. पेटी पलंगाखाली गेली. आमचे हे म्हणाले, ''ठेव, पण गंजून जाईल बघ.'' गंजू नये म्हणून काय करायचं, ते लिहून ठेवते. जुन्या लोखंडी वस्तू तुमच्याकडेही असतील, विळी असेल, अडकित्ता असेल. गंज दिसला तर बारीक पॉलिश-पेपरला थेंबभर तेल लावून हलक्या हातानं घासावं, कोरड्या फडक्यानं पुसावं आणि मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खाण्याच्या वस्तूला मशीनचं तेल मात्र लावू नये, तिथे गोडं तेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पेटी उघडून हत्यारं पुसावी. लाकडी मुठींना जवसाचं तेल चांगलं, कारण ते वाळतं आणि चिकट राहत नाही. धारेच्या टोकांना कापड गुंडाळून ठेवावं. आणि बोथट हत्यार सुरक्षित असतं, हा समज काढून टाका. बोथट विळीवरच बोट कापतं की नाही? जोर जास्त लावावा लागतो आणि हात घसरतो, म्हणून.

पोळपाटाचंही सांगते. पाण्यात भिजत ठेवू नका. धुतल्यावर पुसून सावलीत उभा करून वाळवा. उन्हात ठेवला तर एक बाजू लवकर सुकते आणि पाट वाकतो. विकत घेताना फरशीवर ठेवून चारी बाजूंनी दाबून पाहा, डुगडुगायला नको. पावसाळ्यात दार फुगून अडकलं, तर लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. लाकूड दमट हवेत फुगतं, हिवाळ्यात पुन्हा आक्रसतं. मग त्याच दाराला फट पडते. टेबलाचा खण अडकत असेल तर कडांना मेणबत्ती घासून पाहा. हे सगळं आबांचं शिकवणं. पैसे न घेता दिलेला सल्ला गिऱ्हाइकाला खरा वाटत नाही, असंही ते म्हणायचे!

पेटी आल्यापासून आमची लेक तिच्याभोवती घुटमळायची. अकरा वर्षांची आहे. एका रविवारी तिनं विचारलं, ''आई, मी करून बघू?'' आबांच्या शेडमध्ये पूर्वी हाताखाली असलेले एक काका आता आमच्याच गावात राहतात. साठीचे आहेत. त्यांना घरी बोलावलं. त्यांनी पेटी उघडून एकेक हत्यार हातात घेतलं, आबांचा जुना वाकस कपाळाला लावला आणि मग लेकीकडे पाहून म्हणाले, ''आधी दोन महिने नुसती धार लावायची. चालेल?'' तिला चालेल. मीही दर रविवारी शेजारी बसते, आणि दुसरा दगड माझा असतो.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. ''पोरीच्या हाताला घट्टे पडतील, उद्या पाहायला येतील ते काय म्हणतील?'' असं त्या म्हणाल्या. मी काही उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी त्याच लेकीला स्वतःचे तळवे दाखवून सांगत होत्या, ''हे बघ, जात्याचे. पहाटे चारला उठून दळायचे मी. हे कुणी मोजले नाहीत.'' तेव्हापासून रविवारी काकांसाठी चहा त्याच टाकतात.

लेकीनं अजून काही केलेलं नाही. एका सरळ फळीवर रंधा चालवायला तिला परवाच मिळाला. अर्ध्या वाटेत अडकला, लाकूड ओरबाडलं. काकांनी फळी उलटी करून दिली आणि म्हणाले, ''आता बघ.'' या खेपेला कागदासारखं पातळ सालपट वळत वळत बाहेर आलं. ते तिनं वहीत ठेवलं आहे. ती सुतार होईल असं मी म्हणत नाही, तिला डॉक्टर व्हायचं आहे आणि पुढच्या महिन्यात आणखी काही व्हायचं असेल. पण लाकडाची दिशा ओळखायला ती शिकते आहे, आणि हे शिकताना तिला कुणी 'ओलांडू नको' म्हणालेलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरी-सासरी माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. सुताराची नसेल तर शिंप्याची, लोहाराची, सोनाराची, कुंभाराची असेल. नाहीतर तुमच्या आजीचा चरखा असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली निघते आणि भंगारवाला दारातच उभा असतो. देण्याआधी एकदा उघडा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला जवळ बसवा आणि प्रत्येक वस्तूचं नाव विचारून एका कागदावर लिहून घ्या. नाव गेलं की वस्तूचा उपयोगही कुणाला कळत नाही, मग राहतं ते नुसतं लोखंड. आणि नाव लिहून झालं की आणखी एक प्रश्न विचारा, 'हे काम चालायचं तेव्हा तुम्ही काय करत होता?'

उत्तर बहुधा 'काही नाही' असंच येईल. तेवढ्यावर उठू नका, थोडा वेळ बसा.